बापाचा हात, उंदराची नस

अकोल्यात माझं औषधाचं दुकान आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत काउंटरवर सगळ्यांत जास्त ऐकू येतं ते एकच वाक्य. "भाऊ, नसाची गोई द्या." हाताला मुंग्या आल्या, नसाची गोई. तळपाय जड झाला, नसाची गोई. चुलीवर बोट भाजलं आणि कळलंच नाही, तरीही नसाची गोई. चिठ्ठी आणणाऱ्याच्या चिठ्ठीवरही बहुधा तेच लिहिलेलं असतं, मिथाइलकोबालामिन आणि सोबत प्रेगाबालिन. ज्याच्या अंगात ब-12 खरोखर कमी आहे त्याला या गोळीचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण ज्याची नस विळ्यानं तुटली आहे, किंवा महारोगानं सुजून कोपराशी दोरीसारखी जाड झाली आहे, त्याचं ती काय भलं करते? जपानी संशोधकांनी 2010 मध्ये उंदरांच्या जखमी नसेवर या औषधाचा गुण दाखवला, पण तो छोट्या पंपातून, मोठ्या मात्रेत, सतत औषध सोडून. माझ्या दुकानातली गोळी पोटातून जाते आणि तिच्यातलं थोडंच रक्तात उतरतं. उंदराचा निकाल माणसाच्या गळी उतरवला जातो आहे, आणि तो उतरवणाऱ्या साखळीत मीही उभा आहे. या साखळीचं दुसरं टोक प्रयोगशाळेत आहे. तिथंही मी दोन वर्षं काढली आहेत.

विदर्भातल्या एका महाविद्यालयात मी एम. फार्म. केलं. प्रबंधाचा विषय मार्गदर्शकांनी ठरवला होता: मेळघाटातल्या एका वनस्पतीच्या अर्काचा नसेच्या इजेवर होणारा परिणाम. विस्टार जातीचे 24 उंदीर, 6-6 चे चार गट. केटामिन-झायलाझिनची भूल द्यायची, मांडीचे केस काढायचे, छेद घ्यायचा, दोन स्नायू बाजूला सारायचे. आत पांढरीशुभ्र, जाड दोऱ्यासारखी सायटिक नस दिसते. ती चिमट्यात धरून, घड्याळ लावून 30 सेकंद दाबायची आणि सोडायची. टाके. दुसऱ्या दिवसापासून अर्क. मग दर आठवड्याला उंदराचे मागचे पाय शाईत बुडवून त्याला कागद अंथरलेल्या अरुंद बोळातून चालवायचं आणि उमटलेल्या पावलांची मापं घ्यायची. पावलाची लांबी, बोटांमधलं अंतर, त्यावरून एक आकडा. ही पद्धत डी मेडिनासेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये मांडली. आकडा शून्याजवळ आला की उंदीर बरा. उणे 100 कडे गेला की पाय गेला.

चौथ्या आठवड्यात अर्क दिलेले उंदीर नीट चालू लागले. अर्क न दिलेलेही चालू लागले. मधल्या एका आठवड्यात दोन गटांच्या आकड्यांत थोडा फरक होता, त्या फरकावर प्रबंध उभा राहिला आणि शोधनिबंध छापून आला. 24 च्या 24 उंदीर आम्ही शेवटी मारले.

ते उंदीर बरे होणारच होते. काही दिलं नसतं तरी. हर्बर्ट सेडन या इंग्रज शल्यविशारदानं 1943 मध्ये, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे हातपाय पाहून, नसेच्या इजेचे तीन प्रकार केले. पहिल्यात नस फक्त गप्प होते. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात पण त्यांच्याभोवतीच्या नळ्या शाबूत राहतात. तिसऱ्यात सगळंच तुटतं. चिमट्यानं दाबणं हा दुसरा प्रकार. नळ्या जागेवर असतात, त्यामुळे नवा कोंब जुन्याच वाटेनं, जुन्याच मुक्कामाला पोहोचतो. त्यात उंदीर तरुण, 200 ग्रॅम वजनाचा, एकाच जातीचा. त्याच्या मांडीपासून पंजापर्यंतचं अंतर काही सेंटिमीटर, आणि त्याचा तंतू दिवसाला 3 मिलिमीटरच्या आसपास वाढतो. माणसाचा साधारण 1 मिलिमीटर. माणसाच्या दंडात तुटलेल्या नसेला बोटांपर्यंत यायला वर्ष उलटून जातं, आणि तोवर तिची वाट पाहणारे हाताचे स्नायू सुकून गेलेले असतात. म्हणजे जी इजा आपोआप भरते ती आम्ही निवडली, ज्या प्राण्यात ती लवकर भरते तो निवडला, आणि भरल्याचं श्रेय एका झाडपाल्याला दिलं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे बसतं म्हणून हे मॉडेल, म्हणजे माणसाच्या इजेच्या जागी धरलेला हा प्राण्यातला नमुना, आजही निवडलं जातं. दुसरं कारण मला दिसलेलं नाही.

प्रबंधाच्याच वर्षी दिवाळीनंतर, ज्वारी कापताना, बाबांच्या डाव्या मनगटावर विळा बसला. धांडा मुठीत धरला की करंगळीची बाजू खाली येते, विळ्याच्या वाटेत. रक्त थांबेना. जवळच्या एका दवाखान्यात रक्ताची नस बांधली, कातडीला सात टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी केली. बाबांना कोणी विचारलं नाही की करंगळीला हात लावलेला समजतो का. कोणी म्हणालं नाही की बोटं फाकवून दाखवा. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, एक मिनिटही लागत नाही.

आणि मी? मी तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ नसेवर काम करत होतो. शनिवारी घरी आलो, पट्टी पाहिली, बोटं पाहिली नाहीत. मला उंदराच्या पावलांचं माप मिलिमीटरमध्ये घेता येत होतं. माझ्याच बापाच्या मनगटात तुटलेली नस ओळखायला मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकावं असं मलाही सुचलं नाही. तिसऱ्या महिन्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आकडीसारखं वळलं. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधलं मांस बसून खड्डा पडला. बाबा म्हणायचे, "हात माहाच हाय, पण माह्या आंगाचा नाई वाटत." आठव्या महिन्यात आम्ही नागपूरला एका सर्जनकडे पोहोचलो. त्यांनी नीट समजावलं: नस आता जोडली तर थोडा स्पर्श येऊ शकेल, पण हाताचे बारीक स्नायू परत येतील याची आशा नाही, फार तर दुसऱ्या बोटाचा स्नायुबंध इकडे वळवून बोटं सरळ करता येतील. पेरणी तोंडावर होती. बाबा परत आले आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढू दिला नाही.

आपल्या भाषेत रक्त वाहणारीही नस आणि स्पर्श नेणारीही नस. पुस्तकात मज्जातंतू, चेतातंतू असे शब्द आहेत, पण शेतात, घरात, दवाखान्याच्या बाकड्यावर शब्द एकच. तुटल्यावर एक नस ओरडते, लाल होऊन अंगावर येते, म्हणून तिला लगेच बांधलं जातं. दुसरी पांढरी, मुकी. ती तुटली तरी एक थेंब सांडत नाही. वऱ्हाडातली मळणी यंत्रं, कडबा कापायची यंत्रं, विळे आणि कुऱ्हाडी यांनी किती मुक्या नसा तोडल्या आणि किती कातडीखाली तशाच शिवल्या गेल्या, याची कोणी नोंद ठेवलेली मी पाहिली नाही. वेचणीला येणाऱ्या बाईच्या बोटांच्या टोकांना बोंडाची सुकलेली टोकं टोचतात. ते टोचणं समजलं तरच हात मागे येतो. ज्या बोटाला समजत नाही ते बोट संध्याकाळपर्यंत फाटतं.

एक गोष्ट मला प्रबंधाच्या वेळी वाचायला मिळाली आणि ती मी तेव्हा कोरडेपणानं वाचून पुढं गेलो. उंदराची सायटिक नस पूर्ण कापली, तर काही दिवसांनी काही उंदीर स्वतःच्या पायाची बोटं कुरतडू लागतात. बधिर झालेला तो पाय त्यांना आपला वाटत नसावा, किंवा त्यात नुसतीच वेदना उरली असावी. शास्त्रज्ञांमध्ये यावर वाद आहे. बोटं गेली की पावलाचं माप घेता येत नाही. म्हणून असा उंदीर हिशेबातून वगळतात. त्याहून पुढची पायरी म्हणजे जातच बदलतात: स्प्रेग-डॉली जातीचे उंदीर जास्त कुरतडतात, लुईस जातीचे कमी, म्हणून लुईस मागवा. ही सूचना जगभरच्या शोधनिबंधांत आहे.

आता दुसरा उंदीर बघा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड महारोग्यांच्या हातांवर काम करत होते. बोटं रोगानं झडतात असा सगळ्या जगाचा समज होता. ब्रँडनी दाखवलं की बोटं झडत नाहीत. नस मेल्यामुळे माणसाला भाजलेलं, कापलेलं, घासलेलं कळत नाही, आणि कळत नाही म्हणून बोटं जातात. तरीही काही जखमांचा उलगडा होईना. रात्री धड असलेलं बोट सकाळी तुटलेलं दिसे. पाळत ठेवली तेव्हा कळलं, झोपेत उंदीर येऊन रोग्यांची बधिर बोटं कुरतडत होते आणि त्यांना जाग येत नव्हती. त्यानंतर घरी परतणाऱ्या रोग्यांना सोबत मांजर दिलं जाऊ लागलं.

हे दोन उंदीर मी आता एकमेकांपासून वेगळे करू शकत नाही. बधिरपणा हाच नसेच्या इजेचा सगळ्यांत क्रूर भाग आहे; त्यानं हात जातो, पाय जातो, पोट भरायचं साधन जातं. आणि आमच्या मॉडेलमध्ये नेमका तोच अडचण म्हणून बाजूला काढला जातो, पाय न कुरतडणारी जात शोधून विकत आणली जाते, आणि उरलेल्या उंदरांच्या चालीवरून आम्ही सांगतो की नस बरी झाली. मॉडेल निवडताना आपण कोणता रोगी शास्त्रात ठेवायचा आणि कोणता बाहेर ढकलायचा हे ठरवत असतो. माझे बाबा बाहेर गेले. तपोवनातला बधिर हाताचा म्हातारा महारोगी बाहेर गेला.

तपोवन अमरावतीत आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये महारोग्यांसाठी ते उभं केलं. तिकडे परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. म्हणजे नसेच्या इजेचा जो रोग जगात फार जुना आणि फार बदनाम, त्याचे रोगी या जिल्ह्यात पाऊणशे वर्षांहून जास्त काळ एका हाकेवर आहेत. महारोग हा नुसता कातडीचा रोग नाही, नसेचाही आहे. आणि तो संपलेला नाही. दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, या मापानं 2005 च्या अखेरीस देशात त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं; आजही जगात दर वर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. बहुविध औषधोपचारानं जंतू मरतो. मेलेली नस त्यानं परत येत नाही. सुजलेली नस वाचवायला प्रेडनिसोलोन देतात. ते 20 आठवडे द्यावं की 32, यावर भारतासह चार देशांत चाचणी झाली आणि जास्त दिवस देऊन जास्त फायदा दिसला नाही. इथं खरा प्रश्न उघडा पडलेला आहे. नसेला खात्रीनं वाचवणारं दुसरं काही आपल्या हातात नाही. त्यावर काम करायला वऱ्हाडाहून योग्य जागा कोणती?

आणि कोणी म्हणू नये की या रोगाचं मॉडेल करता येत नाही. या रोगाच्या मॉडेलांचा इतिहास मला मांडायचाच आहे, कारण रोग्याकडे बघून मॉडेल कसं शोधावं याचा तो धडा आहे. हान्सेननं 1873 मध्ये जंतू पाहिला, पण आजपर्यंत तो काचेच्या बशीत कोणाला वाढवता आलेला नाही. त्याला दोनाचे चार व्हायला जवळपास दोन आठवडे लागतात. डॉक्टरांनी रोग्यांच्या अंगावर एक गोष्ट पाहिली होती: नस मरते ती कातडीलगत, थंड जागी. कोपराच्या मागे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, चेहऱ्यावर. मांडीच्या खोल, उबदार मांसातली नस सहसा वाचते. म्हणजे जंतूला गारवा लागतो. या एका निरीक्षणावरून चार्ल्स शेपर्डनं 1960 मध्ये पिटुकल्या पांढऱ्या उंदराच्या तळपायात जंतू टोचले, कारण तळपाय अंगापेक्षा थंड. तिथं ते वाढले. औषधं तपासायचा मार्ग मोकळा झाला. पण त्या उंदराची नस माणसासारखी बिघडत नव्हती. मग 1971 मध्ये किर्कहायमर आणि स्टॉर्स यांनी आर्माडिलो निवडला. हा अमेरिकेतला प्राणी आपल्या मेळघाटातल्या खवल्या मांजरासारखा चिलखती दिसतो, नातं मात्र काही नाही. त्याच्या अंगाचं तापमानच 32 ते 35 अंश. त्याच्यात रोग पसरला आणि नसाही माणसासारख्या बिघडल्या. 2017 मध्ये झेब्रा माशाच्या पारदर्शक पिल्लांत संशोधकांना थेट दिसलं की नसेचं नुकसान करतात त्या आपल्याच रक्षक पेशी, जंतू गिळल्यावर त्या सोडत असलेल्या नायट्रिक ऑक्साइडनं. मुंबईत डॉ. नोशीर अँटिया हे प्लॅस्टिक सर्जन होते. महारोग्यांचे हात सरळ करता करता त्यांना प्रश्न पडला की जंतू नसेच्या आवरणातल्या पेशीत शिरून करतो काय. त्यांच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये 1980 च्या सुमारास उंदराच्या मज्जातंतूंच्या गाठी काचेत वाढवून त्यांत हा जंतू सोडला गेला. प्रश्न हातातून आला, मग काचेत गेला. माझ्या प्रबंधात प्रश्न कुठूनच आला नव्हता. रिकाम्या पिंजऱ्याला प्रश्न चिकटवला होता.

उशीर हाही मॉडेलचा विषय होऊ शकतो. सुसान फू आणि टेसा गॉर्डन यांनी 1995 मध्ये उंदरांतच दाखवलं की नस कापून महिनोनमहिने तशीच ठेवली आणि मग जोडली, तर तंतू आणि नळ्या दोघांचीही उमेद संपत जाते. हेच बाबांचं मनगट. पण या प्रयोगाला महिने लागतात, पिंजऱ्यांचा खर्च वाढतो, परीक्षेची तारीख थांबत नाही. म्हणून आमच्याकडे ते कोणी करताना मी पाहिलं नाही. कमरेखाली चुकीच्या जागी टोचलेल्या इंजेक्शननं मुलाचा पाय लुळा पडल्याची गोष्ट आमच्या प्रत्येक तालुक्यात सांगितली जाते. त्याचंही उंदरातलं मॉडेल चार दशकांपूर्वी तयार झालं आहे. काही फवारणीच्या विषांनी दोन-तीन आठवड्यांनंतर पाय बधिर होतात. उंदरात ते नीट दिसत नाही म्हणून जगभर त्याची तपासणी कोंबडीवर करतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. जे वाचले त्यांच्या पायांत पुढं काय झालं, हा प्रश्न विदर्भातल्या एखाद्या प्रबंधाचा असायला हवा होता. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. मेंढीच्या पायातली नस लांबीनं माणसाच्या जवळ जाते म्हणून परदेशात मोठ्या जनावराचं मॉडेल म्हणून मेंढी वापरतात. आमच्याकडे मेंढ्या आहेत, पशुवैद्य आहेत, तपोवन आहे, कोठारा आहे. एकमेकांच्या दारात मात्र कोणी जात नाही.

ज्यांच्या नावानं अमरावतीचं विद्यापीठ चालतं त्या गाडगेबाबांच्या दहा सूत्रांत आंधळ्या-पांगळ्यांना, रोग्यांना औषधोपचार द्या असं आहे आणि त्याच यादीत मुक्या प्राण्यांना अभय द्या असंही आहे. दोन्ही एकदम पाळणं कठीण आहे, मला ते मान्य आहे. औषध शोधायचं तर प्राणी लागतो, आजही लागतो. पण ज्या प्रयोगात रोग्याला औषध मिळण्याची शक्यताच नाही, त्यात प्राणी मारणं म्हणजे गाडगेबाबांची दोन्ही सूत्रं एका दिवसात मोडणं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखालच्या नियमांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांना समितीची परवानगी बंधनकारक केली. समितीपुढच्या अर्जात उंदीर किती, जात कोणती, भूल कोणती, मारायचं कसं हे सगळं विचारतात. माझ्या अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही की ही नस कोणाची आहे. हा रोगी तुम्ही पाहिला आहे का? मला वाटतं, नसेवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आणि त्याच्या मार्गदर्शकानंही पिंजऱ्याला हात लावण्याआधी एक महिना महारोगाच्या दवाखान्यात बसावं, बधिर हात हातात घ्यावेत, आणि नंतरच प्रश्न लिहावा. नाही बसायचं तर तो विषय घेऊ नये. उंदीर वाचतील.

माझ्या हातात आता प्रयोगशाळा नाही, काउंटर आहे. गोळी मागणाऱ्याला मी आधी बाकड्यावर बसवतो आणि डोळे मिटायला सांगतो. मग साध्या बॉलपेनचं टोक करंगळीला, अंगठ्याला, तळहाताला अलगद टेकवतो. महारोगाच्या तपासणीत आरोग्य कर्मचारी हेच करतात. यापेक्षा स्वस्त उपकरण नाही. ज्याला समजत नाही त्याला मी गोळी देत नाही, सरकारी दवाखान्यात पाठवतो, आणि महारोगाचं औषध तिथं फुकट मिळतं हेही सांगतो. परवा अकोटकडची एक मावशी आली होती. वेचणी करून थेट आलेली, पदराला कापूस चिकटलेला. "नसाची गोई द्या बापा, करंगई मेल्यावानी झाली." मी पेन हातात घेतला, त्यांनी डोळे मिटले. झाल्यावर विचारलं, मावशी, किती वेळा टेकवलं?

"दोनदा," त्या म्हणाल्या.

मी पाच वेळा टेकवलं होतं.